शाल नको, श्रोता हवा

लेखकाने आपल्या पुस्तकातील चार पाने वाचावीत आणि समोर बसलेल्यांनी ती ऐकावीत, एवढी साधी गोष्ट आमच्या समाजात फार क्वचित घडते. प्रकाशने होतात, सत्कार होतात, हारतुरे होतात. स्वागताध्यक्षांचे भाषण होते. प्रमुख पाहुणे 'समाजाने वाचले पाहिजे' असे कळकळीने सांगतात आणि दुसऱ्या कार्यक्रमाची वेळ झाली म्हणून उठून जातात. शेवटी लेखक दोन मिनिटे आभाराचे बोलतो. पुस्तकाच्या निमित्ताने दीड तास बोलणे होते, पण पुस्तकातील एक परिच्छेदही कोणाच्या कानावर पडत नाही. लोक घरी जातात ते लेखकाचा चेहरा आणि शालीचा रंग लक्षात ठेवून.

या लेखात आम्ही बोलणार आहोत ते समाजाच्या स्वतःच्या पुस्तकांच्या दुकानांत होणाऱ्या, किंवा व्हायला हव्यात अशा, लेखक-वाचनाच्या कार्यक्रमांबद्दल. सभागृहांतील संमेलनांबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले. दुकानाबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. दुकान म्हणजे धंदा आणि साहित्य म्हणजे सेवा, अशी एक सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे. आमच्या मते ही वाटणीच चुकीची आहे. खिशातले पैसे मोजून पुस्तक घेणारा माणूस लेखकाला जो प्रश्न विचारतो, तो सत्कार समितीचा सदस्य कधी विचारत नाही.

लिपीची भिंत

आम्ही राहतो निगडीत आणि शिकवतो उर्दू माध्यमाच्या शाळेत. पिंपरी-चिंचवडचा हा परिसर कारखान्यांनी घडवला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी असा पट्टा वाढत गेला आणि मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, कोकण, उत्तर प्रदेश, बिहार अशा ठिकाणांहून माणसे पोटासाठी आली. त्यांत मुसलमानही आले. कोणी फिटर, कोणी वेल्डर, कोणी गॅरेजवाला, कोणी भंगारवाला. त्यांच्या मुलांपैकी काही महापालिकेच्या उर्दू शाळेत गेली, काही मराठी शाळेत गेली आणि आता बरीचशी इंग्रजी शाळेत जातात. एकाच घरात थोरला उर्दू वाचतो, मधली मराठी वाचते आणि धाकटा दोन्ही लिप्यांत अडखळतो. जेवायला मात्र सगळे एकाच दस्तरखानावर बसतात आणि एकाच बोलीत बोलतात. त्या बोलीत दखनी आहे, मराठी आहे, कारखान्यातून आलेले इंग्रजी शब्दही आहेत.

अशा घरात एक पुस्तक नेले तर ते एकाचेच होते. उर्दू कथासंग्रह मधलीला बंद, मराठी कादंबरी थोरल्याला बंद. त्यांना ती भाषा परकी नाही. मराठी कादंबरीतील संवाद थोरल्याला शब्द न् शब्द कळतो, कारण तेच शब्द तो दिवसभर बाजारात, बसमध्ये, कारखान्याच्या फाटकावर बोलत असतो. त्याला अडवते ती लिपी. एक पान वाचायला त्याला इतका वेळ लागतो की कथेचा धागा हातून सुटतो. तेच पान कोणी वाचून दाखवले तर तो जिथे हसायचे तिथे हसतो आणि जिथे गप्प व्हायचे तिथे गप्प होतो. वर्गात हे आम्ही रोज पाहतो. लिपी डोळ्यांना अडवते, कानाला अडवत नाही.

म्हणून लेखकाने मोठ्याने वाचणे ही आमच्या समाजात हौसेची बाब नाही. दोन लिप्यांत वाटला गेलेला हा समाज एका साहित्यकृतीभोवती एकत्र बसू शकेल अशी दुसरी जागा आम्हांला दिसत नाही. या लेखातील सगळी टीका याच एका कसोटीवर केलेली आहे : कार्यक्रमाने ऐकणाऱ्याला काय दिले?

मुशायऱ्याची सवय

ऐकण्याची परंपरा आमच्याकडे नाही असे कोणी म्हणणार नाही. मुशायरा ही ऐकण्याचीच शाळा आहे. शेराची पहिली ओळ दोनदा म्हटली जाते, श्रोता तिचा अंदाज घेतो, दुसरी ओळ येते आणि दाद मिळते. आवडले तर 'मुकर्रर', नाही आवडले तर शांतता. जगात फार थोड्या भाषांना इतका तयार श्रोता मिळाला असेल. पण या तयारीची एक किंमत आम्ही मोजली. आमचा कान दोन ओळींच्या मापाचा झाला. गद्याला मुकर्रर म्हणता येत नाही. कथेतील वाक्य पुढच्या वाक्यावर उभे असते, त्याचा परिणाम पाचव्या पानावर कळतो आणि तिथवर थांबायला आपण शिकलो नाही.

याचा परिणाम पुस्तकांच्या दुकानांतील उर्दू कार्यक्रमांत स्पष्ट दिसतो. कथासंग्रहाच्या निमित्ताने बैठक ठरते आणि तासाभरात तिची शेरी नशिस्त होते. हजर असलेल्या प्रत्येकाच्या खिशात एक गझल असते. अफसानानिगाराला मात्र 'जरा मुख्तसर करा' असे सांगितले जाते. बिचारा कथेचा सारांश सांगून खाली बसतो. ज्याची आपली गझल म्हणून झाली, तो चपला शोधू लागतो. अशा बैठकीत म्हणणारे सगळे असतात, ऐकणारा कोणी नसतो. तिचे वर्तमानपत्रात 'यशस्वी' म्हणून वृत्त येते, याचे आम्हांला खरोखर नवल वाटते.

आणि हे आमच्या परंपरेतच होते असेही म्हणता येत नाही. मुशायऱ्याच्या शेजारी दास्तानगोई होती. तासन् तास गद्य ऐकवण्याची ती कला १९२८ साली दिल्लीच्या मीर बाकर अली यांच्या निधनानंतर जवळजवळ संपली. २००५ पासून शम्सुर्रहमान फारूकी आणि महमूद फारूकी यांच्या प्रयत्नांनी ती पुन्हा रंगमंचावर आली. दोन माणसे पांढऱ्या कपड्यांत बसून नुसत्या शब्दांवर सभागृह धरून ठेवतात, ही गोष्ट गद्य ऐकणारा कान मेलेला नाही याचा पुरावा आहे. फक्त आपण त्याला कामाला लावत नाही.

लेखकाने गप्प बसायचे

गद्य कसे ऐकावे आणि ऐकून काय करावे, याची एक पद्धत उर्दूतच तयार झाली होती. १९३९ साली लाहोरात 'बज्म-ए-दास्तानगोयाँ' हे मंडळ निघाले. नावाप्रमाणेच ते सुरुवातीला कथा वाचणाऱ्यांचे मंडळ होते. तेच पुढे 'हल्का-ए-अरबाब-ए-जौक' या नावाने प्रसिद्ध झाले. कवी मीराजी त्यात आले आणि तिथल्या टीकेला धार आली. रीत साधी होती. मागील बैठकीची कार्यवाही वाचायची. मग लेखकाने आपली रचना वाचायची. मग हजर असलेल्यांनी तिच्यावर बोलायचे आणि लेखकाने ऐकून घ्यायचे. आपल्या लेखनाचा बचाव त्याने करायचा नाही, कारण पुस्तक छापून गेल्यावर प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन खुलासा करता येत नाही.

हेच मीराजी आयुष्याच्या अखेरीस आमच्या भागात येऊन गेले. अख्तरुल ईमान यांनी त्यांना आधी पुण्यात आणि मग मुंबईत आसरा दिला, आणि १९४९ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्या काळात पुण्याच्या शालिमार पिक्चर्समुळे जोश मलीहाबादी, कृष्ण चंदर, अख्तरुल ईमान अशी माणसे या शहरात राहून गेली होती. मुंबईत प्रगतिशील लेखक संघाच्या बैठका होत. तिथेही लेखक कथा वाचत आणि दुसरे लेखक तोंडावर तिचे दोष सांगत. हमीद अख्तर यांनी त्या बैठकांचा वृत्तांत 'रूदाद-ए-अंजुमन' या पुस्तकात जपून ठेवला आहे. म्हणजे तोंडावर टीका करणे आणि ती सोसणे ही काही बाहेरून आणायची गोष्ट नाही. आमच्याच घरातील जुनी वस्तू आहे, माळ्यावर पडलेली.

आज या वस्तूची सर्वांत योग्य जागा पुस्तकांचे दुकान आहे असे आम्हांला वाटते. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळच्या प्रिन्सेस बिल्डिंगमधील मक्तबा जामियाचा उल्लेख उर्दू लेखकांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतो. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाशी जोडलेल्या प्रकाशनसंस्थेची ही शाखा. पुस्तक घ्यायला यावे आणि ज्याचे पुस्तक घ्यायचे तोच लेखक तिथे भेटावा, असे ते ठिकाण होते. पुढच्या पिढीत टेमकर स्ट्रीटवरील 'किताबदार'ने हा वारसा सांगितला. कथाकार-पत्रकार साजिद रशीद यांनी 'नया वरक' हे नियतकालिक काढले होते. २०११ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे चिरंजीव शादाब रशीद यांनी ते पुढे चालवले आणि 'किताबदार' हे दुकान व प्रकाशनही सांभाळले. उर्दू पुस्तकाचे दुकान चालवणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा हिशेबाची वही पाहिली आहे त्याला सांगायला नको. या माणसांबद्दल आमच्या मनात आदरच आहे.

तरीही टीकेच्या लेखात टीका केली पाहिजे. दुकानातील अड्डा आणि दुकानातील वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अड्डा ओळखीच्यांचा असतो. तिथे कोण कोणावर रागावला, कोणाला अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि का मिळाला, याच्या गप्पा रंगतात. नवखा विद्यार्थी पुस्तक हातात घेऊन बाजूला उभा राहतो आणि पैसे देऊन निघून जातो. बाई तर आत येतच नाही. वाचनाचा कार्यक्रम मात्र अनोळखी माणसासाठी असतो. अड्ड्याने उर्दूला लेखक दिले, यात शंका नाही. पण नवा श्रोता अड्ड्याने मिळत नाही आणि आज टंचाई आहे ती श्रोत्याची.

मराठीच्या अंगणात

मराठीत याबाबतीत काय झाले? मराठीने कथाकथन उभे केले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी कथा सांगितल्या आणि कथेला हजारो कान मिळवून दिले. हे मोठे काम आहे. पण कथाकथनात सांगणाऱ्याची शैली जिंकते. जी कथा हसवत नाही, जिच्यात सांगण्याजोगे प्रसंग नाहीत, तिला त्या मंचावर जागा मिळणे कठीण. दुसरीकडे केशवराव कोठावळे यांच्या मॅजेस्टिकने, म्हणजे मुळात एका पुस्तकविक्रेत्याने, १९६४ साली 'ललित' मासिक सुरू केले आणि पुढे 'मॅजेस्टिक गप्पा' पार्ल्यात रुजल्या. पुस्तक विकणारा माणूस वाचकांचा समाज घडवू शकतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मराठीत नाही. तिथेही लेखक मुख्यतः बोलतो, मुलाखत देतो. वाचतो कमी. त्याच्या आयुष्यातील गमती कळतात, पुस्तक घरी जाऊन वाचायचे असते. ज्या समाजात घरोघरी मराठी पुस्तक वाचले जाते, तिथे हे पुरेसे आहे. आमच्याकडे नाही.

मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीने आपला रस्ता संमेलनातून काढला. १९९० हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. आम्ही मराठीत लिहितो, मराठी ही आमचीही भाषा आहे, हे ठामपणे सांगण्याची त्या वेळी गरज होती आणि त्यासाठी मोठा मांडवच लागतो. ते काम संमेलनांनी केले.

पण मांडवाची एक मर्यादा आहे. तिथे परिसंवादाचा विषय बहुधा 'मुस्लिम मराठी साहित्य : स्वरूप आणि दिशा' असा असतो. दिशा ठरते, स्वरूप ठरते, एखाद्या कथेचे एक पान मात्र वाचले जात नाही. वाचन होते ते कविसंमेलनात, तेही रात्री उशिरा आणि प्रत्येकी एक कविता. कथाकाराला आणि कादंबरीकाराला आपले गद्य ऐकवायला जागाच नाही. २०१६ च्या जानेवारीत ८९वे अखिल भारतीय संमेलन आमच्याच पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर झाले. निगडीहून लोक बसने गेले, ग्रंथप्रदर्शनातून पिशव्या भरून पुस्तके घेऊन आले. चार दिवसांनी मांडव उठला. मांडवाचा धर्मच तो. दुकान मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडते. परवाच्या वाचनात आवडलेले पुस्तक आज मिळेल का, असे विचारायला माणूस तिथे येऊ शकतो.

दुकान कोणाचे?

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. समाजाचे दुकान म्हणजे समाजाला जे ऐकायला आवडते तेवढेच ऐकवणारे दुकान का?

हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी १९६५ साली आली. कोकणातील गाव, तिथले मुसलमान, त्यांचे आपसांतील आणि इतरांशी असलेले ताणलेले संबंध हा तिचा विषय. दलवाईंच्या समाजकारणाशी आमच्या चळवळीतील अनेकांचे पटले नाही, आजही पटत नाही. ते मतभेद गंभीर आहेत. पण 'इंधन' ही कादंबरी आहे, जाहीरनामा नव्हे. आमच्या दुकानात बसून तिचे एक प्रकरण कोणी वाचले आणि ऐकणाऱ्यांनी 'हे असे नव्हते', 'हे असेच होते' असा वाद घातला, तर त्या वादातून साहित्याचे भलेच होईल. मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ चे. एका बाईने आपल्या संसाराबद्दल इतके उघड बोलावे, हे ऐकताना आजही सभेत अस्वस्थता पसरेल. पसरू द्यावी. त्यांचे वडील शाहीर अमर शेख यांचे गाणे ऐकायला हजारो कामगार जमत, त्या शाहिराचा आम्ही अभिमान मिरवतो. मग लेकीचे गद्य ऐकायला आम्ही वीस जणही का जमू नये?

बोलण्याची किंमत मोठी असते हे आम्ही जाणतो. साजिद रशीद यांच्यावर १९९८ साली त्यांच्या लेखनावरून चाकूहल्ला झाला होता. म्हणून दुकानदाराने धास्ती घेतली तर त्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. लहान दुकान, पोरेबाळे, रोजचा मोहल्ला. त्याच्या मागे उभे राहण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यांची आहे. आणि दुकान लहान असणे इथे उपयोगाचेही पडते. हजारांच्या सभेत एकाने आरोळी ठोकली की सभा उधळते. वीस जणांच्या बैठकीत आरोळी ठोकणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्यात बघावे लागते.

न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत लुईस मिशॉ नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात असेच एक दुकान थाटले होते. मोजक्या पुस्तकांवर सुरुवात झाली. पुढे १९७० च्या दशकापर्यंत ते त्या समाजाचे विद्यापीठच होऊन बसले. माल्कम एक्स तिथे वाचायला येत आणि त्या दुकानासमोर उभे राहून त्यांनी भाषणे केली. आपल्या समाजाबद्दल आपसांत कडवट बोलण्याचीही ती जागा होती. बाहेरच्यांसमोर सांभाळून बोलणारा माणूस घरात मोकळा बोलतो, तसे.

इतके दूर जायचीही गरज नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि दादरच्या चैत्यभूमीवर दरवर्षी पुस्तकांची दुकाने लागतात. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला माणूस बाबासाहेबांचे एखादे पुस्तक घेऊनच परततो. त्या समाजाने पुस्तक विकत घेणे हा आपल्या आत्मसन्मानाचा भाग केला. आमच्याकडे उलट रीत आहे. लेखक स्वतःच्या पैशाने पुस्तक छापतो आणि 'सप्रेम भेट' लिहून वाटतो. घेणारा ते पहिल्या पानापलीकडे उघडत नाही. दुकानातील कार्यक्रमातही तेच : मंचावरील पाहुण्यांना पुस्तक फुकट, बाकीच्यांना निम्म्या किमतीत. अशाने दुकान बुडते आणि लेखकाचा गैरसमज होतो की आपण वाचले जात आहोत.

मोहल्ल्यातून येणारा श्रोता

सुरुवात कुठून करावी, याचे एक उत्तर औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मिळाले आहे. तिथे मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी हे पुस्तकांचे दुकान चालवतात. त्यांच्या शाळकरी मुलीने, मर्यमने, २०२१ साली वडिलांनी दिलेल्या पुस्तकांतून आपल्या मोहल्ल्यात मुलांचे वाचनालय सुरू केले आणि पाहता पाहता शहरातील अनेक मोहल्ल्यांत अशी वाचनालये निघाली. दुकानाने गिऱ्हाइकाची वाट न पाहता मोहल्ल्यात जावे, हा त्यातील धडा. मुले जिथे पुस्तक घेऊन बसतात तिथे आई येते, मोठी बहीण येते. लेखकाचे वाचन तिथे ठेवले तर श्रोता शोधत हिंडावे लागणार नाही.

आमच्या निगडीपुरते बोलायचे तर ओटा स्कीमच्या गल्ल्यांत वह्या-गाइडांची दुकाने आहेत, मशिदीजवळ सणासुदीला दीनी किताबांचा ठेला लागतो. कथा-कादंबरी विकणारे आपले दुकान मात्र आमच्या पाहण्यात नाही. मराठी पुस्तकासाठी आकुर्डीहून लोकल पकडून पुणे आणि तिथून अप्पा बळवंत चौक. उर्दू पुस्तकासाठी तर थेट मुंबईला निरोप धाडावा लागतो. शाळेची उर्दू पुस्तके छापणारी बालभारती १९६७ पासून पुण्यात आहे, पण दहावीनंतर वाचायचे काय, याचे उत्तर जवळपास कुठे विकत मिळत नाही. दुकान नसले तरी वह्यांच्या दुकानातील एक कपाट चालेल. मात्र ते कपाट दोन्ही लिप्यांचे असावे आणि त्याच्यासमोर महिन्यातून एकदा चटया अंथरल्या जाव्यात.

वेळेचा विचार मुंबई-पुण्याच्या घड्याळाने करू नये. साहित्याचे कार्यक्रम रविवारी ठेवायची रीत पडली आहे. आमच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांना आणि वर्कशॉपना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी आमचा श्रोता मशीनवर उभा असतो. तेव्हा गुरुवार बरा. मुशायऱ्यासारखे इशाच्या नमाजीनंतर सुरू करून मध्यरात्री संपवले तर एकही बाई येणार नाही. जोहर आणि असर यांच्या मधली दुपार बायकांना सोयीची आहे. पहिल्या पाळीचा कामगारही तोवर सुटतो. रमजानात अर्थातच वेळ बदलेल.

कार्यक्रमाची रीतही ठरवून टाकावी. मंच नको, फ्लेक्स नको, प्रमुख पाहुणा नको. लेखकाने अर्धा तास गद्य वाचावे. एकदा मराठी, पुढच्या वेळी उर्दू. कठीण शब्द अडला तर कोणीही थांबवून विचारावा. त्यानंतर हल्क्याच्या रीतीने ऐकणाऱ्यांनी बोलावे आणि लेखकाने गप्प बसावे. आधी जे लेखक नाहीत त्यांनी बोलावे, कारण लेखकांना बोलायची सवय असतेच. कोणी काय म्हटले याची दोन पानी नोंद ठेवावी आणि पुढच्या बैठकीत ती वाचावी. पुस्तक छापील किमतीत विकावे. ज्याला परवडत नाही त्याने कपाटातील प्रत घरी न्यावी आणि परत आणावी.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे. लोक म्हणतात, मराठी उर्दूशेजारी बसवली तर उर्दूचे नुकसान होईल, ती आधीच आक्रसते आहे. उर्दूची काळजी उर्दू शिकवणाऱ्याला असतेच. पण आमचा वर्गातील अनुभव वेगळा आहे. ज्या मुलाने एका भाषेत चांगली कथा ऐकली, तो दुसऱ्या भाषेत तशीच कथा मागतो. ज्याने कोणत्याच भाषेत ऐकली नाही, तो दोन्हींकडे पाठ फिरवतो. मंटो आणि इस्मत ऐकलेला कान भाऊ पाध्यांना परका राहणार नाही आणि बाबूराव बागूल ऐकलेल्याला कृष्ण चंदर अवघड वाटणार नाहीत. उर्दूला मारणारी गोष्ट शेजारी बसलेली मराठी नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर होणारे सत्कार तिला मारतात, आणि मराठीलाही.

दुसरा आक्षेप लेखकांचा असेल. आम्हांला नीट वाचता येत नाही, आवाज नाही, असे ते म्हणतील. ते बहुतेक खरेही आहे. लेखकाने दास्तानगो व्हावे अशी कोणाची अपेक्षा नाही. अडखळत वाचले तरी चालेल, पण आपले वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडताना कुठे लंगडते हे त्याला स्वतःला ऐकू येईल. मराठी मुस्लिम लेखकाच्या गद्यात आज पुष्कळ वाक्ये अशी आहेत जी भाषणातून उचललेली आहेत : 'समाजाची अस्मिता', 'काळाची गरज', 'सर्वांगीण विकास'. वेल्डिंग करून आलेल्या माणसासमोर ती वाचून पाहावीत. तो चुळबुळ करू लागेल. तिथेच त्या वाक्यांवर काट मारायची. समीक्षक जे काम दहा वर्षांनी करतो, ते हा श्रोता अर्ध्या तासात करून देतो, आणि तेही फुकट.

म्हणून आमचे म्हणणे दुकानदारांना आणि लेखकांना दोघांनाही आहे. पुढच्या कार्यक्रमाचा खर्च काढताना शाली, श्रीफळे आणि स्मृतिचिन्हे यांच्या रकमेवर काट मारा आणि त्या पैशांत कपाटासाठी पुस्तके आणा. निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांच्या नावांऐवजी कोणते प्रकरण वाचले जाणार ते छापा. आणि पहिल्या बैठकीला फक्त सात माणसे आली तर सातांसमोर वाचा. त्यांतील एखादी तरी बाई असेल जिने आजवर मराठी पुस्तक हातात धरलेले नाही आणि जी घरी जाताना विचारील की पुढे त्या मुलीचे काय झाले. तिला उत्तर देऊ नका. पुस्तक द्या, आणि पुढच्या गुरुवारी ते वाचून दाखवायला या.